शके ३८०: एक तळे आणि पुष्कळ घोडे

नांदेडहून अकोल्याला जाणारा महामार्ग हिंगोली जिल्हा दक्षिणेकडून उत्तरेकडे पार करतो. वारंगा फाटा, आखाडा बाळापूर, कळमनुरी, हिंगोली, कनेरगाव नाका ही गावे मागे पडतात, पैनगंगा ओलांडली की वाशिम जिल्हा लागतो. पूर्णा ते अकोला ही रेल्वे जरा पश्चिमेकडून, वसमतवरून, हाच प्रवास करते. गोदावरीचे खोरे आणि वऱ्हाड यांची गाठ घालायची तर कयाधू नदीच्या पट्ट्यातून जाणे सोयीचे, हे निजामाच्या किंवा इंग्रजांच्या इंजिनिअरांना काही नव्याने कळले नाही. १९३९ च्या सुमारास वाशिमचा एक ताम्रपट उजेडात आला. वाकाटक राजा दुसरा विंध्यशक्ती याने आपल्या कारकिर्दीच्या सदतिसाव्या वर्षी तो वत्सगुल्माहून, म्हणजे आजच्या वाशिमहून दिला होता. दानाचे गाव कुठले हे सांगताना ताम्रपटात शब्द येतात ते नंदिकडाच्या उत्तरमार्गाचे. नंदिकड म्हणजे नांदेड. नांदेडच्या उत्तरेचा हा मुलूख, वाशिमच्या राजाचे घरचे अंगण, म्हणजेच आजचा हिंगोली जिल्हा आणि त्याच्या कडेचा प्रदेश.

हिंगोलीचा जुना इतिहास विचारला की लोक औंढ्याचे नागनाथ दाखवतात आणि नर्सीचे नामदेव सांगतात. त्यात चूक काही नाही, पण औंढ्याच्या आजच्या मंदिराचे जुने काम यादवकाळातले आणि नामदेवांचा जन्म १२७० चा. वाकाटक त्यांच्याही आठ-नऊशे वर्षे आधीचे. जिल्हा १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा झाला, पण पाचव्या शतकात त्याचे तोंड परभणीकडे नव्हते, वाशिमकडे होते.

वाकाटकांची दानपत्रे वाचायला एरवी कंटाळवाणी. राजाचे पणजोबा, त्यांनी केलेले यज्ञ, घेणाऱ्या ब्राह्मणांची गोत्रे. मात्र दान दिलेल्या गावाला कशाकशातून सूट दिली याची यादी सुरू झाली की वाचणारा सावरून बसतो. सैनिकांनी आणि शिपायांनी या गावात शिरू नये. गवत, बसायला कातडे आणि कोळसा मागू नये. फुले आणि दूध घेऊ नये. गाई-बैल ओढून नेऊ नयेत. मीठ खणायला येऊ नये. वेठ लावू नये. ज्या गावांना अशी सूट मिळाली नव्हती त्यांच्याकडून हे सगळे घेतले जात होते, हा त्याचा सरळ अर्थ. लढाई कुठे झाली, कोण जिंकले हे कवी सांगतात. लढाईला निघालेले सैन्य वाटेतल्या गावाला केवढ्याला पडले, हे कळायला सवलतींची यादी लागते. या प्रकरणात आपण एकाच वर्षात जगभर काय घडले ते पाहणार आहोत, आणि राजाच्या नावाबरोबर त्या खर्चाचाही हिशेब जिथे मिळेल तिथे पाहणार आहोत.

वर्ष निवडले आहे इ.स. ४५८. त्याचे कारण वाशिमच्या दक्षिणेला, हिंगोलीच्या बाजूला, हिस्से-बोराळा गावी सापडलेला एक शिलालेख. वाकाटक देवसेन राजाच्या काळात त्याच्या स्वामिल्लदेव नावाच्या अधिकाऱ्याने तिथे एक तळे बांधले आणि त्याला सुदर्शन हे नाव दिले, एवढाच त्यातला मुख्य मजकूर. त्याचे मोल तारखेत आहे. वाकाटक राजे आपल्या लेखांवर स्वतःच्या कारकिर्दीचे वर्ष घालत: राज्यवर्ष अमुक, पक्ष अमुक, दिवस अमुक. राजा नेमका कधी गादीवर आला हे ठाऊक नसेल तर अशा तारखेचा इतिहासकाराला फारसा उपयोग नाही. बोराळ्याच्या दगडावर मात्र सरळ शक ३८० कोरले आहे. त्यात अठ्ठ्याहत्तर मिळवा, ४५८ येते. (शकाचे वर्ष चैत्रात सुरू होत असल्याने ते ४५९ च्या वसंतापर्यंत चालते.) शिवाय सप्तर्षी उत्तरा नक्षत्रात असल्याची नोंद आहे. सप्तर्षी एकेका नक्षत्रात शंभर वर्षे राहतात असे ते लोक मानत. आकाशाच्या हिशेबाने हा भ्रम आहे, पण लिहिणारा तारखेबाबत किती काटेकोर होता ते त्यावरून दिसते.

४५८ हा आकडा त्या वर्षी जगात कोणालाही ठाऊक नव्हता. ख्रिस्तजन्मापासून वर्षे मोजण्याची युक्ती डायोनिसियस नावाच्या साधूने काढली ती ५२५ च्या सुमारास. रोमन लोक वर्षाला त्या साली कॉन्सल झालेल्या दोघांच्या नावाने ओळखत. यंदाचे दोघे म्हणजे पूर्वेचा बादशहा लिओ आणि पश्चिमेचा मेजोरियन. चीनमध्ये उत्तरेच्या वेई राज्यात ताइआनचे चौथे वर्ष चालू होते, तर दक्षिणेच्या सोंग राज्यात दामिंगचे दुसरे. गुप्तांच्या मुलखात गुप्त संवत १३८ सरून १३९ लागत होते. मध्य अमेरिकेतले माया लोक सृष्टीच्या आरंभापासून दिवस मोजत आणि त्यांचा हिशेब या सगळ्यांपेक्षा अचूक होता.

देवसेनाच्या अधिकाऱ्याने तळ्याला सुदर्शन नाव दिले ते उगाच नसावे. त्या वेळी भारतात सुदर्शन म्हटले की गिरनारच्या पायथ्याचे तळे डोळ्यापुढे येई, आणि नेमके त्याच दोन-तीन वर्षांत ते फार चर्चेत होते. ते मूळ बांधले चंद्रगुप्त मौर्याच्या काळी पुष्यगुप्त या अधिकाऱ्याने. अशोकाच्या काळी तुषास्फ या यवन अधिकाऱ्याने त्याला पाट काढले. इ.स. १५० मध्ये धरण वादळात फुटले, तेव्हा क्षत्रप रुद्रदामनाच्या सुविशाख नावाच्या अमात्याने ते पुन्हा उभे केले. रुद्रदामनाने तिथल्या खडकावर अभिमानाने कोरून ठेवले आहे की या कामासाठी प्रजेवर जादा कर घातला नाही, वेठ लावली नाही, खर्च स्वतःच्या खजिन्यातून केला. आपल्याकडे सरकारी कामाच्या पाटीवर ठेकेदार आणि निधी लिहायची पद्धत आहे, तिचा हा फार जुना पूर्वज. वेठ न लावणे ही मुद्दाम सांगण्याची गोष्ट होती, यावरून एरवी काय होत असे ते उघड आहे.

गुप्त संवत १३६ मध्ये, म्हणजे ४५५ च्या पावसाळ्यात, भाद्रपदातल्या षष्ठीच्या रात्री हे धरण पुन्हा फुटले. सौराष्ट्राचा कारभार तेव्हा पर्णदत्ताकडे होता. या सीमेवरच्या प्रांतासाठी योग्य माणूस शोधताना गुप्त राजा स्कंदगुप्ताने कित्येक दिवस आणि रात्री विचार केला असे त्याचा तिथलाच लेख सांगतो. पर्णदत्ताचा मुलगा चक्रपालित जुनागढचा नगररक्षक होता. त्याने पुढच्या वर्षी दोन महिन्यांत बांध घातला: लांबी शंभर हात, रुंदी अडुसष्ट हात, उंची सात पुरुष. १३८ मध्ये, म्हणजे ४५७-४५८ मध्ये, त्याने तिथे विष्णूचे देऊळ बांधले आणि सगळी हकीकत त्याच खडकावर लिहवली. अशोकाच्या आज्ञा, रुद्रदामनाचा लेख आणि स्कंदगुप्ताचा लेख असे तिघे त्या एका खडकावर शेजारी आहेत. वत्सगुल्माच्या दरबारात गुजरातच्या बातम्या पोचत होत्या हे गृहीत धरायला हरकत नाही. गुप्तांशी वाकाटकांचे जुने सोयरसंबंध होते. दुसऱ्या चंद्रगुप्ताची मुलगी प्रभावतीगुप्ता रामटेकजवळच्या नंदिवर्धनच्या वाकाटक शाखेत दिली होती आणि नवऱ्याच्या मागे तिने मुलाच्या नावाने राज्य चालवले होते. वाशिमची शाखा वेगळी असली तरी घर एकच.

गिरनारचा लेख वाचून स्कंदगुप्ताचे राज्य निवांत होते असे वाटेल. तसे नव्हते. ४५५ च्या सुमारास त्याचा बाप कुमारगुप्त गेला आणि गादीभोवती वादळ उठले. उत्तर प्रदेशात भितरीला एक स्तंभ आहे. राजवंशाचे डळमळलेले भाग्य सावरण्यासाठी स्कंदगुप्ताला एक रात्र उघड्या जमिनीवर काढावी लागली, आणि विजयाची बातमी घेऊन तो डोळ्यांत पाणी असलेल्या आईकडे गेला, कृष्ण देवकीकडे गेला तसा, अशी हकीकत त्यावर आहे. त्याच स्तंभावर हूणांशी झालेल्या झुंजीचा उल्लेख येतो. स्कंदगुप्ताने हूणांना रोखले हे खरे, आणि शाळेच्या पुस्तकात गोष्ट इथेच संपते. पण त्याची सोन्याची नाणी तराजूत आणि कसोटीवर घातली तर दुसरी बाजू दिसते: वजन वाढले आहे आणि सोन्याचा कस उतरला आहे. युद्धाची किंमत राजा प्रशस्तीत लिहीत नाही, पण टांकसाळीतून ती बाहेर पडतेच.

हूण म्हणून आपण ज्यांना एका शब्दात गुंडाळतो ती एक टोळी नव्हती. मध्य आशियाच्या गवताळ मैदानांवर घोड्यावर जगणाऱ्या अनेक टोळ्या होत्या. त्यांच्यातले काही युरोपात गेले. त्यांचा अटिला ४५३ मध्ये मेला आणि पुढच्याच वर्षी नेडाओच्या लढाईत त्याच्या मुलांचे राज्य विस्कटले. काही हिंदुकुशाच्या बाजूने आले. आणि हेफ्थलाइट नावाच्या टोळ्यांना ४५८ मध्ये एक चालून आलेली संधी मिळाली: इराणच्या दोन राजपुत्रांचे भांडण.

सासानी बादशहा दुसरा यझ्दगर्द ४५७ मध्ये वारला. एक मुलगा हुर्मुझ्द गादीवर बसला, दुसरा पेरोझ पूर्वेकडे निसटला. पुढची दोन वर्षे साम्राज्याला दोन राजे होते, आणि राजधानी तेसिफोनमध्ये कारभार पाहत होती त्यांची आई दिनग. एका बाईच्या दोन मुलांच्या भाऊबंदकीत तिलाच राज्य सांभाळावे लागावे, हा प्रसंग कीर्तनकाराला द्यावा असा आहे. मिहरान या बड्या सरदार घराण्याने पेरोझची बाजू घेतली आणि हेफ्थलाइटांनी त्याला घोडेस्वार दिले. ही धामधूम पाहून कॉकेशसमधल्या अल्बानियाच्या राजाने बंड केले. ४५९ मध्ये पेरोझ जिंकला. मदत फुकट नव्हती हे त्याला पुढे कळले. त्याच हेफ्थलाइटांशी त्याची वैरे झाली, तो त्यांच्या हाती सापडला, तीस खेचरांच्या ओझ्याएवढ्या चांदीची खंडणी कबूल करावी लागली. ती एकदम भरता येईना, तेव्हा मुलगा कवाध याला ओलीस ठेवावे लागले. ४८४ मध्ये तो त्यांच्याशी लढतानाच मारला गेला.

आता पश्चिमेकडे. रोमचे नाव काढताच सीझर आठवतो, पण ४५८ चे रोम म्हणजे तीन वर्षांपूर्वी व्हँडल लोकांनी दोन आठवडे निवांतपणे लुटलेले शहर. उत्तर आफ्रिकेची गव्हाची कोठारे आता त्यांचा राजा गेझेरिक याच्या ताब्यात होती. पश्चिमेच्या साम्राज्याकडे इटली आणि आसपासचे तुकडे उरले होते. सैन्यातले बहुतेक जर्मन टोळ्यांचे भाडोत्री, आणि खरी सत्ता रिकिमर या सेनापतीची. रिकिमर स्वतः रोमन नसल्याने बादशहा होऊ शकत नव्हता, पण बादशहा करू आणि मोडू शकत होता. त्याने आपला जुना सहकारी मेजोरियन याला गादीवर बसवले. पेशवाईत छत्रपती आणि पेशवे असा जो प्रकार झाला तो मराठी वाचकाला समजावून सांगायला नको. फरक इतकाच की हा छत्रपती साताऱ्याला बसून राहणारा नव्हता.

मेजोरियनबद्दल मला जरा आपुलकी आहे, हे आधीच सांगून टाकतो. ४५८ या एका वर्षात त्याने जितके कायदे काढले तितके त्याच्या आधीच्या कित्येकांनी आयुष्यात काढले नसतील. थकलेला सारा माफ केला, कारण वसुलीला गेलेले अधिकारी खजिन्यात भरत त्याहून जास्त स्वतःच्या घरी नेत होते. ११ जुलैचा कायदा तर आजही कुठल्याही पुरातत्त्व कचेरीच्या भिंतीवर लावावा असा आहे. रोममधली जुनी देवळे आणि सार्वजनिक इमारती लोक पाडत होते, खाजगी घरांना दगड हवा म्हणून, आणि पाडायची परवानगी अधिकारी देत होते. मेजोरियनने ठरवले की अशी परवानगी देणाऱ्या अधिकाऱ्याला पन्नास पौंड सोन्याचा दंड, आणि हुकूम पाळणाऱ्या कारकुनाला फटके मारून हात तोडायची शिक्षा. साहेबाला दंड आणि कारकुनाचे हात! इथे मेजोरियन त्याच्या काळाचाच माणूस ठरतो. कायदा किती पाळला गेला ते आजच्या रोमकडे पाहून समजते. आपल्याकडच्या पडक्या गढ्यांचे चिरे कुठे जातात हे पाहिलेल्याला त्याचे आश्चर्य वाटणार नाही.

त्याच वर्षी व्हँडलांचे जहाजी छापे नेपल्सजवळच्या कंपेनियात आले. मेजोरियनच्या सैन्याने त्यांना लुटीसकट गाठून कापले आणि त्यात गेझेरिकचा मेहुणा पडला. मग त्याने दोन कामे हाती घेतली: गॉल, म्हणजे आजचा फ्रान्स, परत ताब्यात आणणे आणि आफ्रिकेवर जाण्यासाठी आरमार उभारणे. आरमारासाठी अपेनाइन डोंगरातली जंगले तोडली गेली. नोव्हेंबरात, आल्प्समध्ये बर्फ पडले असताना, तो सैन्य घेऊन डोंगर चढला. सैन्यात बऱ्याच टोळ्यांचे लोक होते, कालपर्यंत अटिलाकडे असलेले हूणही. वर्ष संपता संपता तो लिऑनला पोचला. तिथल्या लोकांनी आधी त्याच्याविरुद्ध बंड केले होते, म्हणून त्यांच्यावर जबर कर बसवला होता. सिडोनियस अपॉलिनॅरिस हा कवी त्या बंडखोरांच्याच बाजूचा. त्याने बादशहापुढे लांबलचक स्तुतिकाव्य म्हटले, आणि स्तुतीच्या आडून शहराचा कर कमी करण्याची विनंती घुसवली. ती मान्य झाली. दरबारी कवीला नावे ठेवणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे: कधी कधी त्या ओळींमागे हजारो लोकांच्या सारामाफीचा अर्ज असतो.

पुढचे थोडक्यात. ४६० मध्ये स्पेनच्या किनाऱ्यावर त्याचे आरमार व्हँडलांनी नष्ट केले, आतले काही लोक फितूर होते. ४६१ च्या ऑगस्टमध्ये रिकिमरने त्याला पकडून ठार केले. पूर्वेला कॉन्स्टँटिनोपलमध्ये मात्र लिओ ४७४ पर्यंत सुखाने राज्य करत राहिला. त्यालाही गादीवर बसवले होते आस्पार या सेनापतीने, पण लिओने पुढे त्याचाच काटा काढला. दोन बादशहांच्या नशिबात फरक पडला तो इथे.

चीनकडे जाताना आकडे एकदम मोठे होतात. उत्तरेच्या वेई राज्याचा बादशहा वेनचेंग त्या वर्षी अवघा अठरा वर्षांचा होता. ४५८ मध्ये तो स्वतः गोबीचे वाळवंट ओलांडून जौजान या भटक्या टोळ्यांवर चालून गेला. राज्याच्या अधिकृत इतिहासात त्याचे सैन्य दिले आहे: एक लाख घोडेस्वार आणि दीड लाख गाड्या. दरबारी आकड्यांतून थोडे वजा करायचे असते, तरी घोड्यांपेक्षा गाड्या जास्त हे प्रमाण विचार करण्यासारखे आहे. वाळवंटात गवत आणि धान्य मिळत नाही, म्हणून लढणाऱ्या माणसामागे ओझे ओढणारे जास्त लागतात, आणि गाडीमागे बैल, गाडीवान, त्यांचे खाणे. शेतीच्या कुठल्या हंगामात ती सगळी माणसे गावाबाहेर होती, हे त्या इतिहासात नाही. जौजानांचा खान लढलाच नाही, तो आणखी लांब पळून गेला. एक सरदार काही हजार कुटुंबे घेऊन शरण आला. बादशहाने आपल्या पराक्रमाचा मजकूर दगडावर कोरवला आणि परत फिरला.

त्याच वर्षी वेईने दारूबंदीही केली. दारू गाळणाऱ्याला, विकणाऱ्याला आणि पिणाऱ्यालाही शिरच्छेद. कारण असे दिले होते की लोक पिऊन भांडतात आणि सरकारबद्दल वाटेल ते बोलतात. कारणाचा दुसरा भाग जास्त खरा असावा. वर्धा आणि गडचिरोलीची दारूबंदी पाहिलेल्या आपल्या लोकांना तिचे पुढे काय झाले हे सांगायला नको. पुढच्या बादशहाने ती उठवली. याच वेनचेंगच्या आश्रयाने ४६० च्या सुमारास युनगांगची बौद्ध लेणी खोदायला सुरुवात झाली, हे मात्र ध्यानात ठेवायचे. लेण्यांचा विषय पुढे आपल्या अंगणातही येणार आहे.

माया लोकांचे तिकाल शहर या सगळ्यांपासून पूर्ण तुटलेले. तिथे ४५८ च्या ऑगस्टमध्ये कान चिताम राजा गादीवर बसला. त्याचा बाप ४५६ च्या सुरुवातीला वारला होता. मधल्या अडीच वर्षांत काय चालले होते ते तिथल्या शिळा सांगत नाहीत.

श्रीलंकेत याच सुमाराला धातुसेनाने दक्षिण भारतातून आलेल्या राजांच्या पंचवीसेक वर्षांच्या अमलानंतर अनुराधपूरची गादी घेतली. त्याने बांधलेल्या तळ्यांत कलावेवा सर्वांत मोठे, आणि ते आजही शेतीला पाणी देते. चूळवंस या लंकेच्या बखरीत गोष्ट अशी आहे की मुलगा कश्यप याने त्याला कैद करून खजिना कुठे लपवला ते विचारले. धातुसेनाने कलावेव्यावर नेण्याची विनंती केली, तिथे आंघोळ केली, ओंजळीत पाणी घेतले आणि माझा खजिना एवढाच, असे सांगितले. कश्यपाने त्याला भिंतीत चिणले. कथेवर किती विश्वास ठेवायचा हा ज्याचा त्याचा प्रश्न, पण तळे म्हणजे राज्याची ठेव, ही समजूत लंकेपासून गिरनारपर्यंत सारखी होती हे खरे. तळे बांधणे म्हणजे पुण्यकर्म असे आपण म्हणून टाकतो आणि त्याचे राजकारण विसरतो. कोरडवाहू मुलखात पाणी साठवले की तिथे लोक वसतात, वसले की सारा देतात, सारा आला की सैन्य पोसता येते. हिंगोलीकरांना हे शिकवायला नको. पूर्णेवरचे सिद्धेश्वर आणि पैनगंगेवरचे इसापूर धरण झाल्यावर कुठल्या गावांचे भाग्य उघडले आणि कुठली पाण्याखाली गेली, हे त्यांच्या घरातले बोलणे आहे.

मग देवसेनाच्या शेजारी काय चालले होते? निवांत काहीच नव्हते. कोकणाच्या उत्तरेला आणि दक्षिण गुजरातेत त्रैकूटक राजा दहरसेन होता. पारडीला सापडलेल्या, याच दोन-तीन वर्षांतल्या त्याच्या ताम्रपटात त्याने अश्वमेध केल्याचा उल्लेख आहे, म्हणजे तो कोणाला जुमानत नव्हता. नंदिवर्धनच्या वाकाटकांकडे नरेंद्रसेन राज्य करत होता. कोसल, मेकल आणि माळव्याचे राजे त्याची आज्ञा मानत, असे त्याच्या मुलाचे ताम्रपट सांगतात. पण पाचव्या शतकाच्या मध्याला बस्तरकडच्या नल राजा भवदत्तवर्म्याने दिलेला एक ताम्रपट अमरावती जिल्ह्यात रिद्धपूरला सापडला आहे, आणि तो सुटला आहे खुद्द नंदिवर्धनहून. वाकाटकांच्या राजधानीत बसून परक्या राजाने दानपत्र द्यावे, याचा अर्थ मुलाची प्रशस्ती कितीही गोड असली तरी घराची वाताहत झाली होती. दक्षिणेला कुंतलाचे, म्हणजे आजच्या कर्नाटकाचे राजघराणे. नरेंद्रसेनाची राणी तिकडचीच. देवसेनाचा स्वतःचा एक ताम्रपट बीदरला मिळाला आहे, त्यावरून त्याचा हात नांदेडच्या बराच खाली पोचत होता असे दिसते.

आता देवसेन माणूस कसा होता? अजिंठ्याच्या सोळाव्या लेण्यात त्याच्या घराण्याचा लेख आहे. तिथे त्याचे वर्णन असे की राज्याचा भार हस्तिभोज या गुणी मंत्र्यावर सोपवून तो स्वतः सुखोपभोगात रमला. यावर इतिहासकारांनी देवसेनाला आळशी ठरवून टाकले. मला ते घाईचे वाटते. लेख लिहवणारा वराहदेव हा त्याच हस्तिभोजाचा मुलगा. आपल्या बापाची थोरवी सांगायची तर राजाला जरा बाजूला बसवावे लागतेच. शिवाय देवसेनाचा बाप आठ वर्षांचा असताना गादीवर आला होता, असे तोच लेख सांगतो. आठ वर्षांच्या मुलाचे राज्य मंत्रीच चालवतात. म्हणजे वत्सगुल्मात मंत्र्यांच्या कारभाराची घडी दोन पिढ्यांपासून बसलेली होती, आणि रिकिमरसारखा त्यातून कोणी राजाचा गळा धरला नाही. इराणात भाऊ भावावर घोडे घालत होता, रोममध्ये सेनापती बादशहा बदलत होता, नंदिवर्धनावर नल चालून आले होते किंवा येणार होते, आणि इथे राजाचा एक मधला अधिकारी तळे बांधून आपले नाव कोरत होता. दगडावर नाव कोरायची मुभा अधिकाऱ्याला असणे ही राज्याच्या तब्येतीची खूण आहे.

अर्थात स्वामिल्लदेवाने वेठ लावली की नाही हे त्याने लिहिलेले नाही. रुद्रदामनाने लिहिले होते. न लिहिण्याचा अर्थ काय घ्यायचा ते वाचकांनी ठरवावे.

वत्सगुल्म तेव्हा काही आडगाव नव्हते. घराण्याचा मूळ पुरुष सर्वसेन स्वतः प्राकृत कवी, त्याचे हरिविजय काव्य पुढच्या काव्यशास्त्रकारांनी वाखाणलेले. कामसूत्रात वत्सगुल्माच्या लोकांच्या रीतींचा उल्लेख येतो. पुढे राजशेखराने काव्यपुरुष आणि साहित्यविद्या यांचे लग्न लावले ते याच गावी. नांदेडकडून वर जाणारे व्यापारी, भिक्षू आणि कवी कयाधूच्या पट्ट्यातून या गावाला पोचत असणार.

देवसेनानंतर त्याचा मुलगा हरिषेण आला आणि घराण्याचा नूर पालटला. सोळाव्या लेण्यातल्या लेखात त्याच्याशी जोडलेल्या देशांची यादी आहे: कुंतल, अवंती, कलिंग, कोसल, त्रिकूट, लाट, आंध्र. प्रशस्तीतली यादी म्हणून निम्मी सोडून दिली तरी उरते तेवढे दख्खनमधले सर्वांत मोठे राज्य. वराहदेवाने सोळावे लेणे खोदवले ते याच राजाच्या काळात. अजिंठ्याचे हे वैभव नेमके कधीचे, यावर विद्वानांत वाद आहे. वा. वि. मिराशींनी हरिषेणाचा काळ ४७५ ते ५०० असा धरला. अमेरिकन अभ्यासक वॉल्टर स्पिंक यांनी तो ४६० ते ४७७ असा मागे ओढला आणि बहुतेक महायान लेणी या अठरा वर्षांच्या धांदलीत उरकली असे मांडले. एक एक लेणे, त्याचा एक एक खांब कोणत्या साली अर्धवट राहिला इथपर्यंत त्यांनी हिशेब केला. तो सगळ्यांना पटलेला नाही. मात्र हरिषेणाला ४५८ च्या अलीकडेच ठेवावे लागते, कारण त्या वर्षी बाप राज्य करत होता हे बोराळ्याच्या दगडावर कोरलेले आहे.

हरिषेणानंतर वत्सगुल्माचे वाकाटक फार टिकले नाहीत. आंध्रातला विष्णुकुंडी राजा माधववर्मा याने वाकाटक घराण्यातली मुलगी केली होती, आणि त्या लग्नाचा मुलगा विक्रमेंद्रवर्मा याला त्यांच्या ताम्रपटात दोन्ही कुळांचे भूषण म्हटले आहे. सहाव्या शतकाच्या मध्यापर्यंत माळवा आणि महाराष्ट्राच्या मोठ्या भागावर कलचुरींचा अंमल बसला. कृष्णराज कलचुरीची चांदीची छोटी नाणी नाशिकपासून विदर्भापर्यंत सापडतात.